"काम काय करता?" हे कुणी विचारलंच नव्हतं

जिना चढताना मध्येच थांबायला लागलो तेव्हा वाटलं, वय झालं. वय होतं ४१. खोकला तर वर्षभर होताच, कोरडा, पहाटे जास्त. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसले आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, थुंकीत जंतू सापडले नसतानाही. सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. धाप तशीच राहिली, ठिपकेही तसेच.

मग छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. फाइल उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

ओट्यांचे दगड कापतो, घासतो, बसवतो. ग्रॅनाइट, आणि अलीकडे कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ. १६ वर्षं झाली. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "पहिल्या दिवसापासून लिहून आणा. कुठला दगड, कोरडा कापायचात की पाणी सोडून, तोंडाला काय बांधायचात, दिवसाचे किती तास."

लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. कोरडंच कापायचो, कारण पाण्याने चिखल होतो आणि गिऱ्हाइकाला तो घरात नको असतो. तोंडाला रुमाल. संध्याकाळी पापण्यांवर, कानात, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर पांढरी पूड. ती झटकली की संपलं, असंच मी समजत होतो. डॉक्टरांनी समजावलं, दिसणारी धूळ बहुतेक नाकाघशातच अडकते. घात करते ती डोळ्यांना न दिसणारी, ५ मायक्रॉनहून बारीक धूळ. ती थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जाते. तिथल्या पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत, स्वतःच मरतात आणि त्या जागी वण धरतो. रुमालाने ती अडत नाही. ही धूळ सिलिकाची, म्हणजे दगडातल्याच एका खनिजाची. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झमध्ये ती ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, विकणं, बसवणं बंद केलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो.

सीटी स्कॅन झाला. मग फुंकायची तपासणी, नाकाला चिमटा लावून. "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" पहिल्या खेपेला खोकल्याची उबळ आली, ती फुंक धरली नाही. चांगल्या तीन फुंका मिळेपर्यंत मी घामाघूम. फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल अशी धास्ती होती, पण स्कॅन आणि माझा तो कागद एवढ्यावर निदान झालं. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसात वण धरण्याचा आजार. या आजारात टीबीचा धोकाही वाढतो, म्हणून ती तपासणी यापुढेही होत राहणार.

हे वण पुसणारं औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो, पण धूळ चालू ठेवली तर धडगतच नाही. मी त्याच आठवड्यात कटर खाली ठेवला. आता फक्त मापं घेतो. पैसे कमी मिळतात, घरात ओढाताण होते.

आजारापेक्षा ते वाया गेलेले सहा महिने मला जास्त लागतात. त्या सहा महिन्यांत मी रोज दगड कापत होतो. कामाचा आणि छातीचा संबंध असेल असं माझ्याही मनात आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

माझ्या जुन्या जोडीदाराला कागद वाचून दाखवला. त्याची नऊ वर्षं भरलीत, खोकला काहीच नाही. ऐकून घेतलं, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "पेन दे."