वाशीत ज्युनियर टेनिस: फायनल सोडा, क्वालिफाइंगला जा

एकच दिवस मोकळा असेल तर फायनल सोडा आणि क्वालिफाइंग बघायला जा. ज्युनियर टेनिसबद्दल कुणी विचारलं की मी हेच सांगते, आणि या शनिवारी वाशीला जाऊन आल्यावर जास्तच ठामपणे सांगते. फायनलला एक कोर्ट, दोन खेळाडू, व्यासपीठावर पाहुणे. क्वालिफाइंगच्या सकाळी मात्र सगळी कोर्टं भरलेली असतात, आणि प्रत्येकावर अशी मुलं, ज्यांना नुसतं मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे खऱ्या स्पर्धेच्या यादीत, नाव लागण्यासाठी आधी जिंकावं लागणार असतं. हरलं की बॅग उचलायची आणि रात्रीची एसटी पकडायची. त्यामुळे पहिल्या गेमपासून कुणीही एक पॉइंट सहज सोडत नाही.

ठाण्याहून निघणाऱ्यांनी ९ किंवा १० नंबरच्या फलाटावरून ट्रान्सहार्बरची गाडी घ्यायची. पाटी नीट वाचा. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्यावरून वाशीला जाते, नेरुळ-पनवेलची गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते. पनवेल गाडीत बसलातच तर तुर्भ्याला उतरून मागून येणारी वाशी घ्या. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे. पुढे स्टेशनबाहेरून रिक्षा. सकाळी लवकर पोहोचा, कारण पहिल्या मॅचेस ऊन चढायच्या आत लावलेल्या असतात आणि सावलीतल्या मोजक्या खुर्च्या पालकांनी तोवर धरलेल्या असतात. टोपी आणि पाण्याची मोठी बाटली घरूनच न्या. अशा स्पर्धांना तिकीट नसतं. गेटवर ‘टूर्नामेंट बघायला आलेय’ एवढं सांगितलं की वहीत नाव लिहून आत सोडतात.

आत गेल्यावर पहिलं काम, रेफरीच्या टेबलाजवळ लावलेला ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) आणि ऑर्डर ऑफ प्लेचा (कुठली मॅच कुठल्या कोर्टावर, कधी) कागद वाचणं. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘आयटा’ म्हणतात तिच्या, रँकिंग स्पर्धा १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या गटांत होतात. कागदाचा फोटो काढून घ्या आणि ड्रॉचा एकच कोपरा निवडा. सगळीकडे धावलात तर काहीच हाती लागत नाही. एका कोपऱ्यातली दोन-तीन मुलं धरून बसलात तर दुपारपर्यंत त्यांची सर्व्हिस, त्यांची भीती, त्यांचा हट्ट सगळं ओळखीचं होतं.

मी मुलींच्या १४ वर्षांखालच्या गटातली एक मॅच धरली. एक डावखुरी, उंच, सर्व्हिसवर भिस्त ठेवणारी. दुसरी बुटकी, पण मागच्या रेषेवरून हलायलाच तयार नाही, येईल तो बॉल परत. इथे खुर्चीवर अंपायर नसतो. दोन-तीन कोर्टांवर मिळून एक अंपायर फिरत असतो आणि आपल्या बाजूचे कॉल मुली स्वतःच देतात. सर्व्हिस करणारीने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा, बॉल आत की बाहेर कळलं नाही तर तो आत धरायचा, असे साधे नियम. तेरा वर्षांच्या मुलीवर दमलेली असताना केवढी जबाबदारी येते, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

गेम पाच-पाच असताना बुटकीने एका लांब फोरहँडवर हात वर करून ‘आउट’ म्हटलं. डावखुरी काहीच बोलली नाही, नुसती त्या जागेकडे बघत राहिली. बुटकीने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, “नाही, आत होता. सॉरी.” अशी चूक मॅचमध्ये पहिल्यांदाच झाली असेल तर तो पॉइंट पुन्हा खेळतात. पण तो फटका पॉइंट जिंकून देणाराच होता, किंवा तिने आधीही असा चुकीचा कॉल दिला होता, तर पॉइंट थेट समोरचीला जातो. हा बॉल तिने परत मारला होता, म्हणून पॉइंट पुन्हा झाला, आणि तो तिने गमावला. पुढचा गेमही गेला. कुंपणाबाहेर तिची आई रुमाल हातात घट्ट धरून गप्प बसली होती. मॅच संपल्यावर मी त्या माउलीला जाऊन सांगितलं, “ताई, तुमच्या मुलीने आत्ता जे केलं ना, ते फार मोठं होतं.” तिने मान डोलावली आणि म्हणाली, “तिला सांगा, माझं ऐकून तिला वाटेल आई समजूत काढतेय.” मी सांगितलं.

बघणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळायच्या. कुंपणाला चिकटून उभं राहू नका. पॉइंट चालू असताना जागा बदलू नका. डबल फॉल्टवर, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेल्यावर, टाळी वाजवू नका, भले तुमचं मूल समोर खेळत असो. लाईन कॉलवर बाहेरून एक शब्दही बोलू नका. आणि परक्या मुलांचे व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय काढू नका. चांगल्या रॅलीला मात्र दोघींसाठी मनापासून टाळ्या द्या, रिकाम्या कोर्टावर त्यांचा आवाज मुलांपर्यंत नक्की पोहोचतो.

दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि खेळ बदलतो. सर्व्हिसचा टॉस हलायला लागतो, उंच मारणाऱ्यांचे हाल होतात. सकाळी हरेल वाटलेलं मूल दुपारी जिंकताना दिसतं ते यामुळे. दुपारच्या मॅचेस म्हणूनच सोडू नका, आणि डबल्स तर अजिबात नको.

यापुढची पायरी म्हणजे आयटीएफ, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ. त्यांच्या स्पर्धांच्या नावातला आकडा जितका मोठा तितकी स्पर्धा वरच्या दर्जाची. ज्युनियरच्या स्पर्धा जे३० पासून जे५०० पर्यंत, आणि प्रोच्या सगळ्यात खालच्या पातळीवर पुरुषांच्या एम१५, एम२५, स्त्रियांच्या डब्ल्यू१५, डब्ल्यू३५. एम१५ जिंकणाऱ्याला एटीपीचे, म्हणजे पुरुषांच्या जागतिक रँकिंगचे, १५ गुण मिळतात, पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला शून्य. आयटीएफच्या साइटवर कॅलेंडर, ड्रॉ आणि लाइव्ह स्कोअर मिळतो. पावसाळ्यात आपल्याकडे उघड्यावरचं टेनिस थंडावतं, म्हणून दिवाळीनंतर ते कॅलेंडर उघडून बसा.

चर्चगेटला सीसीआयवर, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, स्त्रियांची मुंबई ओपन होते तेव्हाही माझा सल्ला हाच. २०१७ मध्ये तिथे १९ वर्षांची सबालेंका जिंकली, हे सगळ्यांना आठवतं. पण २०२५ मध्ये १५ वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफाइंग खेळून सेमीफायनलपर्यंत गेली, आणि ज्यांनी तिला पहिल्या दिवशी पाहिलं त्यांच्या आनंदाला तोड नव्हती.

वाशीत पालकांच्या घोळक्यात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते अमेरिकेतल्या कॉलेजांचं. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली, एकेरी जिंकली. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळली आणि पुढे बोपण्णासोबत आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. त्या वाटेवर जायचं असेल तर तिकडचे प्रशिक्षक आयटा रँकिंगपेक्षा यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) बघतात, हे लक्षात ठेवा. ते कॉलेज टेनिस इथे बसूनही बघता येतं: संघांच्या लढती जानेवारी ते मे, आपल्याकडे बहुधा रात्री उशिरा. दुहेरीचा मिळून एक गुण, मग सहा एकेरी एकाच वेळी, प्रत्येकीचा एक गुण, आणि चार गुण आधी मिळवणारा संघ जिंकला. मला हा प्रकार फार आवडतो, कारण सहाव्या नंबरची अनोळखी मुलगी अख्ख्या संघाला जिंकवून जाते.

परतताना ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि कुंजविहारचा वडापाव खा, दिवसभर उन्हात बसल्यावर तो हवाच. क्वालिफाइंगचा निकाल लागला की मुख्य ड्रॉ लागतो, तो फोनवर बघून सोमवारची मॅच ठरवून ठेवा. सुट्टी मिळणार असेल तर सकाळचीच निवडा.