शाळेच्या पट्ट्यापासून हायलाइटरच्या भिंतीपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत आमचा रंगकामाचा धंदा वडिलांनी उभा केला. अण्णांचं नाव होतं ते डॅडोच्या पट्ट्यासाठी. शाळा, दवाखाने, चाळींचे जिने, सगळीकडे तेव्हा एकच पद्धत : खालच्या ४ फुटांना ऑइल पेंट, वर चुना नाहीतर डिस्टेंपर आणि दोन्ही रंग मिळतात तिथे अर्ध्या इंचाची चॉकलेटी रेघ. खाली ऑइल पेंट कारण तिथे हात लागतात, डोकी टेकतात, ओल्या फडक्यानं पुसता यायला हवं. रेघ मात्र निव्वळ देखणेपणासाठी. निळीची पूड लावलेली दोरी ताणून फटका मारायचा आणि उमटलेल्या खुणेवरून बारीक ब्रश ओढत न्यायचा. रंगाची कड धरायला चिकट टेपबिप काही नव्हतं. अण्णा जिन्यातली तिरकी रेघसुद्धा हात न थांबवता ओढायचे.

मी धंद्यात आलो तोवर लोकांना हे पट्टे दवाखान्यासारखे वाटायला लागले होते. ‘सगळं घासून काढा आणि क्रीम मारा.’ (जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, म्हणून तो आम्ही आजही कोरडा घासत नाही, वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पॉलिश पेपर, आणि पाणी.) बरीच वर्षं मग क्रीम एके क्रीम.

पट्टे परत आणले ते दुकानातल्या टिंटिंग मशीननं. त्याआधी पांढऱ्या रंगात स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) घालून शेड हातानं काढायची. डबा संपला की पुढच्या डब्याला तीच शेड येईलच याचा नेम नाही. मशीनवर नंबर सांगून शेड मिळायला लागली, तसे एकाच रंगातल्या फिकट-गडद छटांचे पट्टे मारता यायला लागले. माझ्या आवडीचं काम आणखी वेगळं : शेड एकच, पण एक पट्टा मॅट आणि शेजारचा चकचकीत. दिवसा भिंत साधी दिसते, संध्याकाळी दिवा लागला की पट्टे उठून येतात.

या कामात निम्मा वेळ हातात ब्रश नसतोच. भिंत ११ फूट ३ इंच असली की १३५ इंच झाले, त्यात ९ इंचांचे १५ उभे पट्टे बसतात. आकडा मुद्दाम विषम धरायचा, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत एकच रंग येतो. आडव्या पट्ट्यांचं माप स्लॅबवरून घेतलं की फसलात, कारण स्लॅब एका टोकाला दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतरलेला असतोच. आम्ही लेझर लेव्हल लावतो आणि वर फूटभर जागा मोकळी सोडतो. मग ते उतरणं डोळ्यात येत नाही.

टेप लावण्याआधी खालचा रंग निदान एक रात्र सुकू द्यायचा, नाहीतर टेपबरोबर पापुद्राच निघतो. टेपची कड प्लास्टिकच्या पत्र्यानं दाबायची आणि गडद रंगाआधी त्या कडेवर भिंतीचाच फिकट रंग फिरवायचा. टेपखाली झिरपायचं ते फिकटच झिरपतं, फटी बुजतात, गडद रंगाला आत शिरायला जागा उरत नाही. मग गडद रंगाचे दोन हात, आणि दुसरा हात ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत तिरकी ओढायची. नवीन पोरं विचारतात, ‘रंगावर तोच रंग कशाला?’ पहिली टेप निघाली की विचारायची थांबतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळाची रेघ राहिली, आणि जो तो म्हणायला लागला, ‘दिवाळीच्या आत खाली जुन्यासारखा ऑइल पेंटचा पट्टा मारून द्या, रेघ झाकून जाईल.’ आम्ही नाही म्हणालो. विटा पाणी प्यायलेल्या. वरून ऑइल पेंट मारला की ओल आतच कोंडते आणि पुढे फुगे धरतात. विटा सुकेपर्यंत नुसता चुना मारा, त्यातून ओल निघून जाते, असं सांगितलं. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जी थांबली त्यांच्याकडे पुढचा उन्हाळा लॉकडाऊनमध्ये गेला. भिंतींना सुकायला आणखी वेळ मिळाला एवढंच.

आता जास्त कामं मुलांच्या खोल्यांची आणि हॉलमधल्या हायलाइटरच्या (बाकीच्यांपेक्षा वेगळी रंगवून उठवलेल्या एका) भिंतीची असतात. छत बुटकं असेल तर आम्ही उभे पट्टे सुचवतो, अरुंद खोलीत समोरच्या भिंतीला आडवे. मजुरीचा दर चौरस फुटावर लावत नाही, टेपच्या कडेच्या रनिंग फुटावर लावतो. त्यावरून घासाघीस ठरलेली, पण रंग मारायला कितीसा वेळ लागतो? मजुरी खाते ती कड. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर पट्ट्याचं काम घेत नाही; ते चार महिने दारांचं पॉलिश आणि ग्रिलचं काम चालतं.