सुपारी सोडलेला माणूस कागदावर उभा करताना

सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण धंदा सोडतो आणि चारचौघांसारखं जगू बघतो, या कल्पनेवर कादंबरी लिहायला बसलं की हात आधी बंदुकीकडे जातो. मी तो वहीकडे वळवते. सगळ्यात आधी वर्षांचा तक्ता करते. प्रत्येक वर्षाला एक ओळ आणि तीन रकाने: खरं काय घडलं, तो लोकांना काय सांगतो, आणि कागदोपत्री काय दाखवता येतं.

समजा पात्र ४४ वर्षांचं आहे. एकविसाव्या वर्षी धंद्यात आलं, त्रेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलं. मधल्या २२ वर्षांचा तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो. पगाराची पावती नाही, जुन्या साहेबाचं पत्र नाही, कर भरल्याची नोंद नाही, मागच्या घरमालकाचा नंबर नाही. पहिल्या रकान्यात थरार असतो खरा, पण कादंबरी चालते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यामधल्या फटीत. भाड्याच्या घराचा अर्ज, बँकेतलं खातं, मुलीच्या शाळेचा फॉर्म, अशा प्रत्येक ठिकाणी ती फट दिसायला लागते.

नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग घेऊ. समोरचा विचारतो, ‘मध्ये बरीच गॅप दिसतेय?’ हा म्हणतो, ‘बाहेरगावी होतो, गोदामावर.’ ‘कसलं गोदाम?’ ‘टायरचं.’ इथपर्यंत कुणीही निभावून नेतं. तिसरा प्रश्न मात्र संशयाचा नसतो, आपुलकीचा असतो: ‘अरे, आमचा भाचाही टायरमध्येच आहे, तुमच्याकडे कुठल्या कंपनीचा माल यायचा?’ बनवलेली हकिगत ढासळते ती इथे. म्हणून पात्राच्या प्रत्येक थापेखाली मी तीन उपप्रश्न लिहून ठेवते. तिसऱ्याचं उत्तर मला सुचलं नाही, तर ती थाप बदलते. नवखे लेखक अशा माणसाला ‘आयात-निर्यात’ किंवा ‘सुरक्षा सल्लागार’ करतात आणि तिथेच फसतात, कारण ते ऐकून कुणालाही चार प्रश्न सुचतात. थाप कंटाळवाणी हवी. रात्रपाळीचा गोदामवाला बरा. त्याला कुणी पुढे काही विचारत नाही, आणि रात्रपाळीमुळे त्याची कुणाशी ओळख नसणंही खपून जातं.

तक्ता झाला की तो बाहेर कसा पडला हे ठरवायचं. शिक्षा भोगून सुटला, माफीचा साक्षीदार झाला, ज्याच्यासाठी काम करायचा तो मेला, की नुसताच नाहीसा झाला? हे अर्ध्या वाटेवर ठरवलं तर आधीची प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात, कारण प्रत्येक वाटेला भीती निराळी. शिक्षा भोगून आलेल्याला पोलिसांची भीती उरत नाही, शेजाऱ्यांची असते. नाहीसा झालेल्याला दोन्हीकडून.

माफीच्या साक्षीदाराची वाट लेखकाला सगळ्यात जास्त देते, कारण तिच्यावर लेखी नियम आहेत. अमेरिकेतला साक्षीदार संरक्षण कार्यक्रम १९७० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून आला आणि १९७१ पासून चालू आहे. साक्षीदार आणि कुटुंबीय मिळून १९,००० हून जास्त लोक त्यातून गेले आहेत. नवं नाव, नवी कागदपत्रं, नवं गाव आणि काही काळ घरखर्चाचे पैसे मिळतात. नोकरी लागून स्वतःच्या पायावर उभं राहिलं की पैसे बंद. नाव निवडताना पहिलं नाव किंवा आद्याक्षरं तीच ठेवावीत असा सल्ला दिला जातो. मागून कुणी जुन्या नावानं हाक मारली आणि मान वळलीच, तरी निभावतं.

या व्यवस्थेत काय मिळत नाही, ते मला जास्त उपयोगी वाटतं. गुन्ह्यांची नोंद पुसली जात नाही, बोटांचे ठसे तेच राहतात. जुनं कर्ज बुडवता येत नाही. मुलांच्या ताब्याबद्दलचे कोर्टाचे आदेशही सुटत नाहीत. १९८४ च्या सुधारणा कायद्यानं हे बरंच आवळलं. संरक्षणाखालच्या लोकांनी नव्या गावात जाऊन गुन्हे केल्याचे प्रकार त्याआधी घडले होते. आता विचार करा: माणसाचं नाव नवं आहे, पण जुन्या नावाची देणी फेडायची आहेत, आणि बायकोला आपल्या आईला हवा तेव्हा फोन करता येत नाही. या एका फोनवर दोन प्रकरणं उभी राहतात, गोळी न झाडता.

खऱ्या माणसांची उदाहरणं शेजारी ठेवली की पात्राचं गुलाबी चित्र आपोआप उतरतं. सॅमी ग्रॅव्हानो हा न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो टोळीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. १९ खुनांत हात असल्याचं त्यानं कबूल केलं, १९९२ मध्ये टोळीचा म्होरक्या जॉन गॉटी याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि पाच वर्षांच्या शिक्षेवर सुटला. मग संरक्षण कार्यक्रमात गेला, तो स्वतःहून सोडला, ॲरिझोनात पोहण्याचे तलाव बांधून द्यायचा धंदा सुरू केला. २००० मध्ये अमली गोळ्यांच्या व्यवहारात तो पकडला गेला, बायको आणि मुलांसकट. बॉस्टनच्या जॉन मार्टोरानोनं २० खून कबूल केले, २००७ मध्ये सुटला, आणि संरक्षण कार्यक्रम त्यानं घेतलाच नाही. इटलीत माफियातला जोव्हानी ब्रुस्का, माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश फाल्कोने यांना १९९२ मध्ये ठार करणारा स्फोट घडवणारा, २५ वर्षं भोगून २०२१ मध्ये बाहेर आला. कायदा त्याच्या बाजूनं होता, तरी देशभर संताप उसळला. तिघांपैकी एकही जण हळवा, एकांतप्रिय, फुलझाडं लावणारा मारेकरी नाही. तसा लिहायला हरकत नाही, पण मग तो तसा का झाला याचं कारण पुस्तकात दिसलं पाहिजे.

पैशाचा हिशेब बहुतेक हस्तलिखितांत कुणी केलेलाच नसतो. बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या १९७४ ते २०१३ या काळातल्या २७ प्रकरणांचा आणि ३६ मारेकऱ्यांचा अभ्यास मांडला. सुपारीची सरासरी निघाली १५,१८० पौंड. सगळ्यात कमी २००, सगळ्यात जास्त १ लाख. नवखा, हौशी, मुरलेला आणि उस्ताद असे चार प्रकार त्यांनी पाडले. उस्ताद सहसा सापडत नाहीत, त्यामुळे असे आकडे कच्च्या लोकांकडे झुकलेले असणार, हे धरूनही हिशेब करून बघा. दहा वर्षांत सहा कामं, म्हणजे ९१,०८० पौंड, वर्षाला ९,१०८. एवढ्यावर समुद्रकिनारी बंगला सोडाच, घरही चालत नाही.

या आकड्यामुळे माझी तरी मांडणी उलटी झाली. वर्षाला एवढंच मिळत असेल, तर हा माणूस आधीपासून कुठेतरी नोकरी करतच असणार: गॅरेजमध्ये, बांधकामावर, कुणाच्या तरी दुकानात. साधं आयुष्य त्याला नवं नाहीच. सुपारी सोडल्यावर त्याच्याकडे पूर्वीचीच नोकरी उरते, आणि आता ती पुरत नाही. ‘कधीही बाजारात भाजी न घेतलेला मारेकरी’ हे पात्र इथेच बाद होतं. हवंच असेल तर त्याला उस्ताद करा, पण मग पैसे कुठून येत होते, कुणाच्या हातून, आणि आता कुठे अडकलेत, हे तक्त्यात चौथा रकाना करून लिहा.

आता शरीर. भिंतीला पाठ लावून बसणं, आत शिरताच दारं मोजणं, हे इतकं वापरून झालंय की वाचक ते पानावर यायच्या आधीच ओळखतो. त्याऐवजी कानांकडे बघा. बंदुकीचा बार साधारण १४० ते १७० डेसिबलचा असतो, आणि १४० च्या वर क्षणभराचा आवाजही कानाला इजा करू शकतो. सायलेन्सर लावला तरी आवाज २० ते ३५ डेसिबलनंच उतरतो, फुसकन वगैरे काही होत नाही. नुकसान आधी ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात होतं, म्हणजे स, श, फ असे वर्ण विरतात आणि लहान मुलांचं बोलणं कळेनासं होतं. उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्यावर डोक्याची आड येते. पिस्तूलवाल्याचे दोन्ही कान जवळपास सारखेच जातात.

तर रायफलवाला माणूस जेवायला बसताना खुर्ची बदलून घेतो. वाचकाला वाटतं, दारावर नजर ठेवायला. खरं तर मुलगी उजव्या बाजूला यावी म्हणून. दहा पानांनी ती डावीकडून काहीतरी महत्त्वाचं सांगते आणि हा नुसती मान हलवतो.

मनाचं दुखणंही असंच आडवाटेनं दाखवावं. माणूस मारणाऱ्यालाही आघातोत्तर ताण येऊ शकतो, हा विषय मानसशास्त्रज्ञ रेचल मॅकनेअर यांनी सविस्तर मांडला आहे. लेखक त्याचं दुःस्वप्न करून टाकतात: घामानं निथळत उठणं, आरशात बघणं. सततच्या सावधपणाचा रोजचा परिणाम फार रुक्ष असतो. माणूस थकतो. रांगेत उभा असताना पुढचा काय बोलला ते हुकतं, फॉर्मवर तारीख चुकीची पडते, आणि कुणी हसत खांद्यावर हात ठेवला की चेहऱ्यावर जे येतं ते आवरायला अर्धा क्षण उशीर होतो. तो अर्धा क्षण समोरच्याच्या नजरेतून लिहावा. त्याच्या स्वतःच्या निवेदनात तो आला की फुशारकी वाटते.

मधला भाग पडतो, हे या प्रकारातलं ठरलेलं दुखणं. साठाव्या पानाला जुना साथीदार दारात उभा राहतो, ‘शेवटचं एक काम’ पुढे करतो, आणि साधं आयुष्य तिथेच संपतं. असं होतं, कारण लेखकाकडे साध्या आयुष्यात पणाला लावण्यासारखं काहीच नसतं. माझा उपाय असा: हिंसेनं सुटूच शकत नाही असा एक प्रश्न पहिल्या १०,००० शब्दांत द्यायचा. उदाहरणार्थ, वरच्या मजल्यावरून गळती. छतावर डाग, वरचा माणूस उद्धट, आणि तो म्हणतो, ‘आमच्याकडून नाहीच.’ आपल्या पात्राला या शेजाऱ्याला गप्प करायच्या अकरा तऱ्हा माहीत आहेत, त्यातली एकही चालणार नाही. प्लंबर आणायचा, फोटो काढायचे, तक्रार लिहायची, बैठकीत हात वर करून बोलायचं. लेखी तक्रारीवर सही करायची वेळ आली की वर्षांचा तक्ता परत उघडतो: सही कुठल्या नावाची? हा प्रश्न पुस्तकभर चालू द्यावा, आणि मधे एकदा त्याला सपशेल हरवावं.

प्रमाणाचं सांगायचं तर, ७०,००० शब्दांच्या खर्ड्यात पहिली प्रत्यक्ष हिंसा मी २५,००० शब्दांच्या आत येऊ देत नाही. भूतकाळ एका वेळी दीडशे-दोनशे शब्दांचा, आणि तोही वर्तमानातल्या एखाद्या कामाला अडकवून: कुलूप दुरुस्त करताना, कपडे वाळत घालताना. सलग सहा पानांचा फ्लॅशबॅक दिला की वाचकाला तेच आयुष्य जास्त आवडायला लागतं, आणि हा का सोडतोय हे कळेनासं होतं.

निवेदन ‘मी’मध्ये ठेवायचं तर तो कुणाला सांगतोय ते ठरवून घ्या. वकिलाला, मुलीला, की कुणालाच नाही? वकिलाला सांगताना तो तारखा देईल आणि कारणं गाळेल. मुलीला सांगताना उलट. हे न ठरवलेल्या खर्ड्यात आवाज प्रकरणागणिक बदलत जातो, आणि संपादक ‘पात्र पकडीत येत नाही’ एवढंच लिहून परत पाठवतात.

शेवटचा हात फिरवताना खर्डा पुन्हा त्या तक्त्याशी ताडून बघते. प्रत्येक प्रकरणात तो कुणाला काय म्हणाला ते दुसऱ्या रकान्यात तारखेसह भरायचं. शेजाऱ्याला टायरचं गोदाम आणि मुलीच्या शिक्षिकेला सिमेंटचं सांगितलं असेल तर ते तिथे सापडतं. विसंगती ठेवायची असेल तर ती कुणाच्या लक्षात आली हेही लिहायचं, नाहीतर काढून टाकायची. दुय्यम पात्रांची वयं त्याच वेळी बघावीत. सुपारीच्या काळात चार वर्षांचं असलेलं मूल आता किती वर्षांचं आहे, हे बहुतेकदा कुणी मोजलेलं नसतं.