चीनची बातमी: मथळ्याच्या आधी स्रोत बघा

तुर्भे-महापेच्या कारखानदारांच्या आणि वाशीच्या क्लिअरिंग एजंटांच्या ग्रुपवर चीनची बातमी येते ती बहुधा स्क्रीनशॉट होऊन. 'चीनने निर्यात बंद केली.' कुणी केली, कोणत्या तारखेला, काही पत्ता नाही. आणि पुरवठादाराला ॲडव्हान्स पाठवायचा की थांबायचं, हे मात्र त्यावर ठरतं.

मूळ चिनी पान उघडा. मथळ्याखाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ आणि स्रोत असतो. सिना, सोहू, नेटईज ही पोर्टलं अवाढव्य, पण राजकारण आणि सरकारी धोरण यांवर स्वतःचा बातमीदार लावायची मुभा त्यांना नाही; सरकारमान्य यादीतल्या माध्यमांचा मजकूर उचलून छापायचा. म्हणजे दहा ठिकाणी दिसलेली बातमी बऱ्याचदा शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेची एकच असते. दहा जणांनी खातरजमा केली, असा तिचा अर्थ नाही.

पत्रकार हू शूली यांच्या 'काइशिन' या आर्थिक बातम्यांच्या माध्यमाला 2021 साली या यादीतून वगळलं, त्यामुळे तिथलं काम पोर्टलांवर सापडणार नाही. थेट त्यांच्याच साइटवर जावं लागतं आणि 2017 पासून तिथे पैसे मोजावे लागतात. बँका, बांधकाम, कर्जबुडवे उद्योग यांत पैसा अडकलेला असेल तर मोजावेत.

'ग्लोबल टाइम्स' आपल्या वाहिन्यांचं लाडकं. ते 'पीपल्स डेली' या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या छत्राखालचं असलं तरी त्याचा अग्रलेख म्हणजे सरकारचा निर्णय नव्हे. खुद्द 'पीपल्स डेली'त 'चोंग शंग' या टोपणनावाने परराष्ट्र धोरणावर लेख आला, तर त्याचं वजन कितीतरी जास्त. पण माल अडेल की सुटेल, हे दोन्हींत कळत नाही. ते चीनच्या वाणिज्य मंत्रालयाच्या घोषणेत असतं.

4 एप्रिल 2025 ची दुर्मीळ मृदा धातूंची (रेअर अर्थ) बातमी घ्या. मथळे ओरडत होते 'बंदी'. वाणिज्य मंत्रालय आणि सीमाशुल्क प्रशासनाची 2025 ची घोषणा क्रमांक 18 उघडली तर ती परवाना पद्धत निघते. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यिट्रियम, असे सातच धातू आणि त्यांचे ठरावीक पदार्थ. नियोडिमियम त्यात नाही. मात्र डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळलेलं नियोडिमियम चुंबक यादीत आहे, आणि उष्णता सोसणाऱ्या मोटारींत बहुधा तेच लागतं. म्हणून पुरवठादाराकडून चुंबकाच्या घटकांचा रिपोर्ट आधी मागवा.

घोषणेत प्रत्येक वस्तूपुढे दहा आकडी कोड असतो. पहिले सहा आकडे आपल्या एचएस कोडशी, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाशी, ताडून पाहा. पुढचे चार चीनचे स्वतःचे, ते आपल्या बिल ऑफ एंट्रीशी (आयातीच्या कस्टम्स कागदाशी) जुळवत बसू नका. वस्तूचं वर्णन मात्र शब्दन्‌शब्द वाचा, कारण एकाच कोडखालचा सगळा माल नियंत्रणात असतोच असं नाही. परवान्याच्या छाननीची मुदत 45 कामाचे दिवस, म्हणजे सरळ नऊ आठवडे. त्यात 1 ऑक्टोबरची चीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी आली तर आणखी लांबण.

अशा मोठ्या घोषणेसोबत मंत्रालयाच्या प्रवक्त्याची प्रश्नोत्तरं बहुधा त्याच दिवशी येतात. अंमल कसा होणार याचा अंदाज तिथे लागतो. ब्राउझरचं भाषांतर कामापुरतं चालतं, आकडे मात्र मूळ पानावरून तपासा: चिनी 'यी' म्हणजे आपले दहा कोटी, आणि मशीन तिथे कधी कधी एखादं शून्य खातं.

पानाची खात्री पटल्याबरोबर पीडीएफ करून ठेवा, पत्ता आणि वेळ दिसेल अशी. सरकारी घोषणा सहसा टिकते. वीचॅट या चिनी ॲपवरचा लेख संध्याकाळपर्यंत गायब झालेला असू शकतो. पुरवठादार 'नवा नियम आलाय' म्हणून भाव वाढवून मागत असेल, तर त्याच्याकडे घोषणेचं वर्ष आणि क्रमांक मागा. खरा नियम असेल तर तो दोन मिनिटांत पाठवेल.