मळीची रुंदी आणि दोन वक्रांमधले क्षेत्रफळ

सांगलीत कृष्णेच्या काठाला आमची थोडी मळी, म्हणजे नदीकाठची शेतजमीन, आहे. तिच्या एका अंगाला वाकडातिकडा बांध आणि दुसऱ्या अंगाला नदीचा काठ असल्यामुळे लांबी-रुंदीचा साधा गुणाकार तिथे चालत नाही. आजोबा दर दहा पावलांवर रुंदी मोजत आणि पट्ट्यांची बेरीज करून अंदाज बांधत. संकलन म्हणजे हीच बेरीज, फक्त पट्टीची जाडी शून्याकडे नेत केलेली. बारावीतली भाची परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मामा, पाकळ्या तर दोन दिसतायत, मग क्षेत्रफळ शून्य कसं?’’

तिचे उदाहरण य = क्ष³ हा वक्र आणि य = क्ष ही रेषा यांमधल्या क्षेत्राचे होते. ते एकमेकांना क्ष = −१, ० आणि १ येथे छेदतात, हे तिने बरोबर काढले होते; पण नंतर (क्ष − क्ष³) चे −१ पासून १ पर्यंत एकाच दमात संकलन केले होते. इथे शून्यापाशी वरखालचा क्रम बदलतो. ० ते १ मध्ये रेषा वर असते, −१ ते ० मध्ये वक्र वर असतो. −१/२ चा घन −१/८ येतो आणि तो −१/२ पेक्षा मोठा आहे, एवढे ताडून पाहिले तरी पुरे. त्यामुळे तिच्या वहीत डावी पाकळी −१/४ आणि उजवी १/४ होऊन दोघींनी एकमेकींना खाऊन टाकले होते. प्रत्येक तुकड्यात वरच्यातून खालचा वजा केला, की १/४ अधिक १/४, म्हणजे १/२ चौरस एकक मिळते. ‘वरचा वजा खालचा’ हे मुलांना पाठ असते. वरचा कोणता, हे आकृती न काढता ठरवण्याची घाई नडते.

तिची दुसरी शंका मला अधिक आवडली: क्षेत्राचा काही भाग क्ष-अक्षाच्या खाली गेला तर? काहीही बिघडत नाही, कारण पट्टीची उंची म्हणजे दोन वक्रांमधले अंतर. क्ष-अक्षाच्या जागी मळीजवळचा रस्ता धरा: रस्त्यापासून बांध १५० फुटांवर आणि काठ २१० फुटांवर असेल, तर तिथे मळीची रुंदी ६० फूट. रस्ता मळीच्या मधून गेला असता, तरी ती ६०च राहिली असती.

य² = क्ष आणि य = क्ष − २ या जोडीत मात्र उभ्या पट्ट्या त्रास देतात. क्ष = १ च्या डावीकडे पट्टीची दोन्ही टोके अन्वस्तावरच, म्हणजे य² = क्ष या वक्रावरच, येतात, म्हणून दोन वेगळी संकलने करावी लागतात. पट्ट्या आडव्या घेतल्या, की (य + २ − य²) चे −१ ते २ असे एकच संकलन पुरते आणि उत्तर ९/२ येते. भाचीने हट्टाने दोन्ही रीतींनी करून पाहिले: उभ्या पट्ट्यांना पाऊण पान लागले, आडव्यांना चार ओळी.