दोघांसाठी ब्रिटन: आमची वाटचाल

लेस्टर स्टेशनबाहेर लंडन रोडवर टॉमस कुक यांचा पुतळा आहे. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी इथून लफबरोपर्यंत, म्हणजे ११ मैलांवर, माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे ५०० जणांची रेल्वेसहल नेली. गटाने फिरायला नेण्याचा व्यवसाय रुजला तो या गावात. आमचं छोटं ऑफिस त्या पुतळ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि आमचं काम त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. आम्ही एका वेळी दोनच माणसांची सहल आखतो.

मी आणि माझ्या नवऱ्याने २०१६ मध्ये सुरुवात केली. आम्ही मूळचे सांगलीचे. मी आधी एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटांचं काम बघायचे, आणि त्याला रेल्वेच्या वेळापत्रकांची मनापासून आवड. नात्यातली, ओळखीतली नवी जोडपी हनिमूनला इकडे यायची, तेव्हा त्यांचे आराखडे आमच्या हातात पडायचे: आठ दिवसांत लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा, शिवाय वाटेत एखादं फुटबॉलचं मैदान. रोज सकाळी बॅग भरायची, रोज रात्री नव्या खोलीत उघडायची. लग्न होऊन दोन-तीन आठवडे झालेले. त्या आठवड्यांत सत्यनारायण, कुलदैवत, जेजुरी, मामाकडचं जेवण, मावशीकडचं जेवण. दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळालेलंच नसायचं, आणि इथे येऊनही पुन्हा धावपळच. या जोडप्यांना स्थळं कमी आणि वेळ जास्त हवा आहे, हे मला तेव्हापासून वाटत आलं. आमचा व्यवसाय त्याच विश्वासावर उभा आहे. पाच रात्रींपर्यंत एकच मुक्काम, आठ-दहा रात्री असतील तर दोन. याहून जास्त मुक्काम आम्ही आखत नाही.

जागा सुचवण्याआधी आम्ही दोघांशी वेगवेगळं बोलतो. कुठे जायचंय हे त्या फोनवर विचारतच नाही. सकाळी किती वाजता उठता, किती चालवतं, घाटात गाडी लागते का, रात्रीचं जेवण किती वाजता लागतं, दिवसभर पाऊस पडला तर काय करायला आवडेल, असे प्रश्न असतात. एकत्र बसवून विचारलं की बहुतेक वेळा एकच जण बोलतो आणि दुसरा ‘हो, चालेल’ म्हणतो. वेगळं विचारलं की खरं कळतं. त्याला स्कॉटलंडमधला सिनेमात पाहिलेला आगगाडीचा पूल बघायचा असतो, तिला वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळतं. मग भाड्याची गाडी बाद, आणि उत्तर सोपं होतं.

ते उत्तर म्हणजे लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून रात्री सुटणारी कॅलिडोनियन स्लीपर. २०१९ मध्ये तिला नवे डबे आले आणि डबल बेडच्या खोल्या मिळू लागल्या. त्याआधी जोडप्यालाही वर-खाली बर्थवरच झोपावं लागे. सकाळी जाग येते तेव्हा गाडी डोंगराळ मुलखात असते, रॅनॉक मूरच्या उघड्या माळावर बरेचदा हरणं दिसतात, आणि दहाच्या सुमारास फोर्ट विल्यम येतं. तिथून मॅलेगला जाणाऱ्या गाडीने ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल ओलांडायचा. हा मार्ग १९०१ मध्ये खुला झाला. शनिवारी रात्री ही स्लीपर सुटत नाही, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाची तारीख रविवार असेल तर आम्ही शुक्रवारीच निघायला लावतो. आणि जून-जुलैत जाणाऱ्यांना मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांबद्दल आधीच सांगतो. पश्चिमेच्या डोंगराळ भागात वारा पडला, की संध्याकाळी पाण्याकाठी बसणं त्या मुश्किल करतात. आम्हाला स्वतःला तिथला मे महिन्याचा पूर्वार्ध सगळ्यात आवडतो.

लोकांची सगळ्यात जास्त चलबिचल होते ती लेक डिस्ट्रिक्टचा डोंगर-तळ्यांचा मुलूख की बाथ शहर या निवडीत. दोन्ही ठिकाणं सुंदर, दोन्ही गाडी न चालवता जमणारी. तरी दोन्ही एकाच जोडप्याला सारखी मानवतील असं नाही.

लेक डिस्ट्रिक्टला पाऊस हवा असणाऱ्यांनी जावं. बरोडेल खोऱ्यातल्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. इंग्लंडमधल्या वस्तीच्या गावांत हे सगळ्यात ओलं. महाबळेश्वरच्या मानाने आकडा कमी आहे, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. हा बाराही महिने अधूनमधून येतच राहतो. ज्यांना ओल्या डोंगराच्या वासाने बरं वाटतं, तळ्याकाठी रेनकोट घालून मुकाट चालायला आवडतं, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. यूस्टनहून ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमियर. बहुतेक लोक विंडरमियरलाच थांबतात, कारण ते इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं आणि स्टेशनही तिथेच. आम्ही मात्र शक्यतो ५५५ नंबरच्या बसने पुढे केझिकला पाठवतो. तिथे रेल्वे उरलेली नाही, त्यामुळे दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते. गावाला लागून असलेल्या डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठाकाठाने फिरणारी लाँच धक्क्याधक्क्यावर थांबते. एका धक्क्यावर उतरायचं, रानातून तळ्याच्या कडेने चालायचं आणि पुढच्या धक्क्यावर पुन्हा चढायचं. किती चालायचं ते दोघांनी तिथल्या तिथे ठरवावं.

बाथ वेगळं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून साधारण दीड तास. स्टेशनवरून बॅग ओढत हॉटेलवर पोहोचता येतं. जमिनीतून ४६ अंशांचं पाणी दोन हजार वर्षांपूर्वीपासून वर येतंय, रोमन लोकांनी त्यावर स्नानगृह बांधलं, आणि ते आजही बघायला मिळतं. तिथे पाण्यात उतरता येत नाही. त्यासाठी जवळच २००६ मध्ये उघडलेलं थर्मी बाथ स्पा आहे. त्याच्या गच्चीवर उघड्या आकाशाखाली गरम पाण्याचा तलाव आहे आणि सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथे अंधार पडल्यावर, थंडीच्या दिवसांत, शनिवार-रविवार सोडून जावं असं आम्ही आग्रहाने सांगतो. पोहण्याच्या कपड्यांचा काहींना संकोच वाटतो, तर पूर्ण अंगभर स्विमसूट घालायला हरकत नसते का, हे आम्ही आधीच विचारून ठेवतो. असे प्रश्न परक्या हॉटेलवाल्याला विचारणं जड जातं, आणि आमच्यासारख्यांचा उपयोग इथेच होतो.

जेवणाचंही तसंच. इथल्या खेड्यांतल्या पबचं स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं, रविवारी तर संध्याकाळीच. आपल्याकडे नऊ म्हणजे ताटं घ्यायची वेळ. दिवसभर फिरून आलेल्या, भुकेल्या दोन माणसांना आठ वाजून पन्नास मिनिटांनी ‘किचन क्लोज्ड’ ऐकावं लागलं, तर त्या दिवसाचा सगळा गोडवा जातो. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक घराची जेवणाची वेळ, अंड्याशिवायचा नाश्ता होतो का, कांदा-लसूण नसलेलं काय मिळेल, हे आम्ही फोन करून विचारतो आणि लिहून देतो.

२०२० ने आमचं काम बदललं. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. पुढच्या वर्षी १७ मेला इंग्लंडमधली हॉटेलं पुन्हा उघडली तेव्हा भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत होता, एप्रिल ते ऑगस्ट २०२१. भारतातून येणारं एकही जोडपं नव्हतं. पण इथेच राहणारी मराठी माणसं होती: रुग्णालयांत पाळ्या करून थकलेल्या नर्स, डॉक्टर, घरात बसून लॅपटॉपवर वर्ष काढलेले आयटीवाले. एकाच घरात राहून त्यांचं एकमेकांशी बोलणं आटलं होतं. त्यांना दोन रात्री, घरापासून दोन तासांच्या आत, इतकंच हवं होतं. आम्ही आमच्या दाराशी असलेल्या डर्बीशरकडे नव्याने पाहिलं. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. बेकवेलजवळ हॅडन हॉल हा जुना वाडा आहे. सोळाव्या शतकात इथली मुलगी डोरोथी व्हर्नन घरातल्या समारंभाच्या गडबडीत जॉन मॅनर्सबरोबर पळून गेली, अशी दंतकथा सांगतात. लग्न झालं हे मात्र नक्की, कारण वाडा आजही मॅनर्स घराण्याकडेच आहे. दुपारी वाडा, मग जुन्या रेल्वेमार्गावरच्या मॉन्सल ट्रेलवर सपाट वाटेने चालणं, रात्री गावातच मुक्काम. आमच्या कामाचा मोठा वाटा आज अशाच दोन रात्रींच्या सहलींचा आहे.

त्यातूनच आलेलं एक काम माझ्या सगळ्यात जवळचं. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आई-बाबा इथे येतात, पाच-सहा महिने राहतात, आणि तो सगळा काळ बाळ, स्वयंपाक आणि खिडकीबाहेरचा पाऊस यांत जातो. परतीच्या आधी मुलं आम्हाला सांगतात, दोघांना कुठेतरी पाठवा. काकूंना फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “आम्हाला कशाला गं आता?” काका मागून म्हणतात, “विचारते आहे तर सांग की.” अर्धा तास बोलल्यावर काकूंनाच समुद्र हवा असतो. मग पॅडिंग्टनहून पेन्झन्सच्या दिशेने, सेंट अर्थला गाडी बदलून, समुद्राला लागून जाणाऱ्या छोट्या गाडीने सेंट आयव्ह्ज. तळमजल्यावरची खोली, चढ नसलेली वाट, खोलीत किटली आणि जमल्यास छोटा ओटा. टू टुगेदर रेलकार्डवर दोघांचे फोटो असतात आणि बरोबर प्रवास केला तर तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत मात्र ते चालत नाही. कार्डावर शेजारी शेजारी छापलेले स्वतःचे फोटो बघून एक काकू म्हणाल्या होत्या, लग्नानंतर आमचा दोघांचाच फोटो कुणी काढलाच नव्हता.

पैशांबद्दल. आम्ही आखणीची फी घेतो, तिकिटं आणि खोल्या जोडपं स्वतःच्या कार्डाने थेट बुक करतं. २०१८ च्या पॅकेज प्रवासाच्या नियमांनुसार, मुक्काम आणि प्रवास एकत्र करून विकला की विकणाऱ्याने ग्राहकाच्या पैशांना संरक्षण द्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. आमच्याएवढ्या दोघांच्या ऑफिसला लोकांचे हजारो पौंड हाताळायचे नव्हते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, टॉमस कुक कंपनी बुडाली आणि दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना सरकारला मायदेशी आणावं लागलं. लेस्टरमध्ये ती बातमी सगळ्यांना लागली होती. पैसे थेट ज्याचे त्याला, हा आमचा निर्णय तेव्हा आणखी पक्का झाला.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एक सांगते. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. आणि ग्रेटना ग्रीनला जाऊन लग्न करायची हौस असेल, तर साधा व्हिजिटर व्हिसा पुरत नाही. लग्नासाठीचा व्हिसा वेगळा असतो. या गावाची गोष्ट मात्र प्रत्येक जोडप्याला सांगावीशी वाटते. १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना लग्नासाठी पालकांची संमती लागू लागली. स्कॉटलंडमध्ये लागत नव्हती, दोन साक्षीदारांसमोर बोललं की पुरे. त्यामुळे सीमेपलीकडच्या या पहिल्याच गावात पळून आलेल्यांची रीघ लागली, आणि लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लावू लागला. ती लोहारशाळा अजून आहे. भारतात रीतसर लग्न झालेली जोडपी तिथे ऐरणीवर हात ठेवून फोटो काढतात. घरच्यांच्या विरोधात लग्न केलेल्या काहींना तिथे गेल्यावर भरून येतं, म्हणून आम्ही त्यांना स्कॉटलंडच्या वाटेवर तिथे अर्धा दिवस काढून देतो.

यंदा आम्ही वेल्समध्ये काम वाढवतोय. प्रेमिकांची संत ड्विनवेन हिचा दिवस तिथे २५ जानेवारीला असतो, आणि अँगलसीच्या किनाऱ्यावर लँडविन नावाच्या चिंचोळ्या भूभागावर तिच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. न्यूबरोच्या वाळूवरून चालत जायचं. मोठ्या भरतीला वाट पाण्याखाली जाते, तेव्हा वेळ पाहूनच निघावं लागतं. जानेवारीत दिवस लहान, त्यामुळे सगळं दुपारी चारच्या आत बसवायला हवं. शेकोटी असलेली, चालत जेवायला जाता येईल अशी मुक्कामाची घरं सध्या शोधतोय. त्यातली बरीच हिवाळ्यात बंद असतात, म्हणून ज्यांना जानेवारीत जायचंय त्यांनी ऑक्टोबरपर्यंत आम्हाला कळवावं.