खरड छाटणीचे सर

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो वसतिगृहामागचा द्राक्षांचा मांडव. त्याखाली कात्री घेऊन आमचे सर. त्यांचं नाव लिहीत नाही. 'बागेचे सर' म्हटलं की आपल्यापैकी कुणालाही पुरतं.

1984 साल, मी आठवीत. ईस्टर झाला आणि सुट्टी लागायच्या आत सरांनी खरड छाटणी घेतली. आपल्या सांगलीकडे वेलीला थंडीची झोप नसते, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, तिचं कौतुक सगळ्यांना. एप्रिलची खरड मात्र बघवत नाही. ऐन उन्हाळ्यात चांगल्या हिरव्या काड्या एकेका डोळ्यावर, म्हणजे नवी फूट येते त्या कोंबावर, कापायच्या, ओलांडे म्हणजे वेलीचे आडवे हात उघडेबोडके करायचे, कापल्या जागी मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची.

आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कात्रीचा कच्च आवाजसुद्धा मला नको वाटायचा. माझ्या वेलीवरची एक काडी मी कापलीच नाही, पानाआड वळवून ठेवली. सरांनी बघितली. रागावतील वाटलं, तर त्यांनी खिशातली सुतळी काढून तिला गाठ मारली. म्हणाले, "राहू दे बाळ. ऑक्टोबरात बघू."

गोडी छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत सगळा मांडव फुटला. कोवळ्या फुटीत मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसायला लागले. सुतळीच्या काडीवर पानं होती, बाळ्या म्हणजे वेलीचे ताणे होते. घड एकही नव्हता. सर माझ्याशेजारी बांधावर बसले, नवा करार काढला आणि योहानाचा पंधरावा अध्याय वाचला. फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी 'साफसूफ' करतो, या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. "अरे, घड आत्ता लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नवी फूट येते ना, तिच्या डोळ्यात तो तयार होतो. तेव्हा तो कुणाला दिसत नाही. पण माळ्याला ठाऊक असतं." आईचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मी आई गेल्यापासून पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि रडलो.

पुढे 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी माझ्या औषधांच्या दुकानात शिरलं. खतं, फवारणीची औषधं, उधारीच्या वह्या, सगळा चिखल. लोक म्हणत, देवाने असं का केलं. पुराचं कारण मला कळत नाही, आणि देवाच्या माथी ते मारायची माझी हिंमतही नाही. पण आता आपण एका डोळ्यावर आलोय, एवढं मी बायकोला सांगितलं. तिला ते लगेच समजलं. लग्नापासून ती सरांच्याच गोष्टी ऐकत आलीय.

आज तासगाव तालुक्यात दोन एकर तास-ए-गणेश जातीची द्राक्षं आहेत, बेदाणा करतो. लेक मिरजेत नर्स आहे. दर एप्रिलला संडे स्कूलची मुलं बागेत आणतो आणि प्रत्येकाच्या हातात कात्री देतो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातली आत्म्याची नऊ फळं त्यांना तोंडपाठ असतात. सहनशीलता म्हणजे काय, ते मात्र उघड्या ओलांड्यासमोर उभं केल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

वसतिगृहामागच्या त्या मांडवाच्या जागी आता पेव्हर ब्लॉक आणि गाड्या उभ्या असतात. मागच्या वेळी बघून पोटात कालवलं. व्यवस्थापनाला हात जोडून विनंती आहे: कोपऱ्यात चार वेली तरी लावा. रोपं मी देतो, दोन्ही छाटण्यांना स्वतः येतो.

यंदाची खरड छाटणी नेमकी अमृतमहोत्सवाच्या संमेलनाच्या आदल्या दिवशी येतेय. मजूर मिळोत न मिळोत, ती पुढे ढकलणार नाही. सकाळच्या उपासनेला मी येईन तेव्हा बोटांवर मोरचुदाचा निळा डाग असेल. सरांच्याही असायचा, रविवारीसुद्धा.